चौथी गोळी कुणी मोजली?

(मानपाड्यातल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलं आहे. दोन-चार ठिकाणी लिहिताना नीट केलं.)



मला इथे बोलावलं ते कवी म्हणून. पण कविता आज खिशातच राहू द्या. मी गोदीत मजुरी करतो. शिक्षण मॅट्रिक. पाळी संपवून रे रोडला गाडी पकडली, कुर्ल्याला बदलली, ठाण्याला उतरून घोडबंदरची बस धरली आणि मानपाड्याला आलो. अंगावर अजून वाटाण्याची धूळ आहे. आता असल्या माणसाने इतिहासावर, कोर्टाच्या कागदांवर बोलावं काय, असं कुणाच्या मनात आलं असेल. तर तोच आजचा विषय आहे. पदवी नसलेल्या माणसाने खुनाचा शोध घ्यावा का? आणि घ्यावा तर कसा?

खून कुणाचा, तर गांधींचा. मघाशी चहा पिताना एका पोराने मला विचारलं, ‘दादा, गांधी आपला कोण?’ बरोबर विचारलं. १९३२ साली येरवड्यात उपोषणाला बसून या माणसाने बाबासाहेबांच्या हातातले स्वतंत्र मतदारसंघ काढून घ्यायला लावले. पुणे करार आपण विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण ज्याच्याशी आपलं भांडण आहे त्याला गोळी घालावी, असं आपण कधी म्हटलं नाही. भांडण कागदावर, सभेत, तळ्यावर. गोळी हा त्यांचा रिवाज. म्हणून हा खून आपल्याला समजून घ्यायचा आहे.

आणि तो फार लांबचाही नाही. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाऊसमध्ये मदनलाल पाहवाने स्फोट केला, बेत फसला, बाकीचे पळाले. त्यातला करकरे येऊन थांबला तो आपल्या ठाण्यात, एका ओळखीच्याच्या घरी. गोडसे आणि आपटे त्याला इथेच येऊन भेटले. पुढे दहा दिवसांच्या आत, ३० जानेवारीला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर, तीन गोळ्या.

तीन की चार?

इथून एका माणसाची गोष्ट सुरू होते. पंकज फडणीस. मुंबईचा माणूस. ‘अभिनव भारत’ नावाच्या संस्थेचा विश्वस्त, स्वतःला संशोधक म्हणवणारा. बरीच वर्षं या एका खुनाच्या मागे लागलेला. म्हणाला, पोलिसांनी सांगितलेली तीन गोळ्यांची गोष्ट पुरी नाही. त्या दिवसांतल्या काही वर्तमानपत्रांत चार गोळ्या छापून आल्या होत्या. गोडसेचं पिस्तूल सात गोळ्यांचं. पकडलं तेव्हा आत चार शिल्लक. सातातून चार गेले, राहिले तीन. मग चौथी जखम असेल तर ती गोळी गोडसेच्या पिस्तुलातली नव्हे. म्हणजे तिथे दुसरा कुणीतरी मारेकरी होता. कोण? तर त्याने ‘फोर्स १३६’ नावाच्या इंग्रजांच्या गुप्त पथकाकडे बोट दाखवलं. अमेरिकी वकिलातीतून गेलेल्या तारांचा हवाला दिला.

मुंबई हायकोर्टाने जून २०१६ मध्ये त्याची याचिका फेटाळली. माणूस थांबला नाही, सुप्रीम कोर्टात गेला आणि स्वतःच उभा राहून बोलला. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायमूर्ती बोबडे आणि नागेश्वर राव यांनी अमरेंद्र शरण या ज्येष्ठ वकिलाला कोर्टाचा मित्र म्हणून नेमलं आणि सांगितलं, बघा यात काही आहे का. महात्म्याचे पणतू तुषार गांधी विरोधाला उभे राहिले, तर कोर्टाने त्यांनाच विचारलं, तुमचा यात काय संबंध? शरण यांनी खटल्याची आणि कपूर आयोगाची मिळून चार हजारांवर पानं पाहिली. जानेवारी २०१८ मध्ये अहवाल दिला: गोळ्या कुठल्या, पिस्तूल कुठलं, झाडणारा कोण, कट कुणाचा, हे सगळं ठरलेलं आहे, चौथ्या गोळीला किंवा परदेशी हाताला पुरावा नाही. २८ मार्च २०१८ ला याचिका फेटाळली गेली.

आता तुम्ही हसाल. पण मला त्या माणसाला हसायचं नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या खुनाचे कागद काढायचे, कोर्टाची पायरी चढायची, एकट्याने उभं राहायचं, याला छाती लागते. ‘तुला काय कळतं’ हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी हजार वर्षं ऐकलं. आपणच ते दुसऱ्याला ऐकवू लागलो तर आपल्यात आणि शाळेच्या दारात उभं ठेवणाऱ्या गुरुजीत फरक काय? प्रश्न विचारायचा त्याचा हक्क शंभर टक्के मान्य. माझं भांडण त्याच्या मोजणीशी आहे.

मोजणीतलं मला थोडं कळतं. गोदीत माल मोजणाऱ्याला आम्ही टॅलीवाला म्हणतो. आता कंटेनर सगळे न्हावाशेवाला गेले, पण मोकळी डाळ, वाटाणा बोटीतून येतो तेव्हा धक्क्यावर गोण्या भरतात आणि गोणी लॉरीत चढताना टॅलीवाला रेघ ओढतो. चार उभ्या, पाचवी आडवी. पण एकटी त्याची रेघ कुणी खरी धरत नाही. बोटवाल्याचा माणूस वेगळा मोजतो, धक्क्यावरचा वेगळा, शेडच्या दारातला वेगळा. संध्याकाळी तिन्ही कागद एकावर एक ठेवतात. जुळले तर माल खरा. धक्क्यावर उभा असलेला कुणी म्हणाला, ‘मी शंभर बघितल्या’, तर मुकादम त्याला म्हणतो, बघितल्या असतील बाबा, कागद कुठाय?

खुनाच्या रात्री छापलेलं वर्तमानपत्र म्हणजे धक्क्यावर उभा असलेला माणूस. गर्दी, रडारड, पळापळ. कुणी तीन ऐकले, कुणी चार. ते खोटं बोलत नव्हते, पण त्यांनी रेघा ओढल्या नव्हत्या. तीन गोळ्या म्हणणाऱ्या बाजूला काय आहे? पिस्तूल हातात सापडलं, इटालियन बेरेटा, त्याच्यावरचा नंबरसुद्धा नोंदवलेला आहे, ६०६८२४. आतल्या चार गोळ्या शिल्लक. ज्याने झाडल्या तो जागेवर पकडला गेला आणि त्याने कबूल केलं. हे कागद एकमेकांशी जुळतात. चौथी गोळी फक्त एकाच कागदावर आहे.

दुसरी गोष्ट. मोजणारा कुणाचा, हे आम्ही आधी बघतो. बोटवाल्याचा टॅलीवाला बोटीच्या बाजूने मोजणार. त्यात पाप नाही, पण ते माहीत असावं लागतं. फडणीसांच्या संस्थेचं नाव ‘अभिनव भारत’, म्हणजे सावरकरांच्या जुन्या संघटनेचं. आणि कपूर आयोगाने सावरकरांवर मारलेले शेरे चुकीचे आहेत, त्यामुळे मराठी माणसाची बदनामी झाली, हेही त्यांना कोर्टाकडून हवं होतं. तेव्हा चौथी गोळी इंग्रजाची निघाली तर कुणाचा हिशेब हलका होतो, हे तुम्हीच बघा.

हा कपूर आयोग काय, हे तरुण पोरांना माहीत नाही. थोडक्यात सांगतो. लाल किल्ल्यातल्या विशेष कोर्टाने १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल दिला. गोडसे, आपटे फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष सुटले. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. १९६४ साली गोपाळ गोडसे आणि करकरे सुटून आले, पुण्यात सत्कार झाला आणि त्या सभेत ग. वि. केतकर बोलून गेले की हे होणार ते मला आधी ठाऊक होतं. गदारोळ झाला, आयोग बसला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला. सावरकरांचा अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे पोलिसांसमोरचे जबाब मूळ खटल्यात आलेच नव्हते, ते आयोगासमोर आले. आयोगाने सावरकर आणि त्यांच्या गटाच्या कटाकडे बोट दाखवलं. पण आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. कोर्टाने सावरकरांना सोडलं, तो निकाल कायम आहे. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. आपल्याला सोयीचा तेवढा एकच काढून फडकवू नका. हे मी आपल्याच पोरांना सांगतोय.

आणि त्याच अहवालात जे आहे ते कुणी वाचत नाही. रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने आधीच बेत सांगितला होता. २० तारखेचा स्फोट झाल्यावर हे प्राध्यापक २१ जानेवारीला मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले, सगळं सांगितलं. नऊ दिवस हातात होते. करकरेचं नाव माहीत होतं. तरी दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांकडून गांधी वाचले नाहीत. ही काय लहान गोष्ट आहे? छापलेली आहे, पुराव्यासकट आहे. पण तिच्यात गूढ नाही. हलगर्जी आहे, साहेबी सुस्ती आहे. म्हणून तिच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

मी हे कागद वाचताना माझी नजर एका नावावर अडकली. शंकर किस्तय्या. हत्यारं विकणाऱ्या बडगेचा नोकर. तेलुगू बोलणारा. कोर्टात काय चाललंय ते त्याला दुभाष्या सांगायचा. मालक बडगे माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. नोकराला जन्मठेप! पुढे जून १९४९ मध्ये सिमल्याला हायकोर्टाने त्याला सोडलं. मालक सांगेल ते करणारा माणूस. अशांना आमच्या टोळीत मी रोज बघतो. मोठमोठ्या पुस्तकांत त्याला दोन ओळी. आपण वाचायला बसलो तर आपल्याला असली माणसं दिसतील. म्हणून आपण वाचलं पाहिजे.

आता मुद्द्याचं बोलतो. त्यासाठी माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या पाळीत चाळीस गोण्या कमी भरल्या. ठेकेदाराच्या माणसाने सगळी टोळी उभी केली नाही. आडनावं विचारली. एका वस्तीतली आम्ही सात पोरं बाजूला काढली, सदरे काढायला लावले आणि शेडबाहेर उन्हात उभं केलं. दोन तास. येणारी-जाणारी लॉरी थांबून बघत होती. एक म्हातारा टॅलीवाला, आम्ही त्याला काका म्हणतो, तो काही बोलला नाही. आत गेला आणि आदल्या पाळीचे कागद घेऊन बसला. शेवटी त्याने एक कागद आणून दाखवला. चाळीस गोण्या रात्रीच एका लॉरीत जादा चढल्या होत्या, आडवी रेघ होती. आम्हाला सदरे घालायला सांगितलं. माफी कुणी मागितली नाही.

त्या दिवशी मला कळलं, संशय दोन तऱ्हेचा असतो. एक कागदावरून निघतो. दुसरा जातीवरून निघतो. जन्मावरून चोर ठरवायचा, हा मनूचा हिशेब. इंग्रजांनी १८७१ साली त्याचाच कायदा केला, अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि तो १९५२ पर्यंत पारध्यांच्या, कैकाड्यांच्या मानेवर होता.

मग आपण काय करतो? गांधींना मारणारा बामण होता म्हणून १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापुरात घरं जाळली गेली. त्या घरातल्या कुठल्या म्हातारीने पिस्तूल झाडलं होतं? जाळणारे आपले नव्हते, असं म्हणून मी सुटत नाही. कारण पुढची गोष्ट आपली आहे.

माईसाहेब.

१५ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. साखरेच्या आजाराने पोखरलेलं ते शरीर या बाईने आठ वर्षं सांभाळलं. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांच्यासोबत दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि आपल्यातले लोक कुजबुजू लागले. बामणाची पोर, हिनेच काहीतरी केलं असणार. चौकशी झाली. मृत्यू नैसर्गिक, असं सरकारने लोकसभेत सांगितलं. पण कुजबूज थांबली नाही. ज्या बाईचा नवरा गेला तिला आपण गुन्हेगार करून टाकलं. ती दिल्लीकडे एकटी पडली. पुढे पँथरच्या पोरांनी तिला परत चळवळीत आणलं, हा त्या पोरांचा मोठेपणा. १९९० मध्ये तिने स्वतःची हकिकत पुस्तकात लिहिली. २००३ मध्ये ती गेली.

दोस्तांनो, त्या बाईविरुद्ध आपल्याकडे कागद कुठला होता? एक तरी? तिचा जन्म, एवढाच आपला पुरावा. तिला आपण सदरा काढून उन्हात उभं केलं, दोन तास नाही, वर्षानुवर्षं. आजही मोबाइलवर कुणीतरी तेच पाठवतं आणि आपण पुढे ढकलतो. ‘जयभीम’ लिहून ढकलतो. हे बोलताना मला बरं वाटत नाही. माझ्या घरात, माझ्या आजीच्या तोंडून मी हेच ऐकलं आणि शाळेत असताना दुसऱ्यांना सांगितलंही.

बोलणं सोपं असतं. म्हणून माझी स्वतःची परीक्षा सांगतो. २५ जून १९३४. गांधी अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर. पुण्यात नगरपालिकेचं मानपत्र घ्यायला निघालेले. त्यांची गाडी समजून दुसऱ्याच गाडीवर बॉम्ब टाकला, माणसं जखमी झाली. तेव्हा पाकिस्तान कुठे होतं? पंचावन्न कोटी कुठे होते? गोडसेची भक्ती करणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा. पण बॉम्ब कुणी टाकला? माझ्या मनात उत्तर तयार आहे. जिभेवर आलंय. सनातन्यांचं नाव, जातीचं नाव. पण टाकणारा सापडला नाही. कागद नाही. म्हणून मी इथे नाव घेणार नाही. तुमच्यातल्या काही जणांना हे पुळचट वाटेल. उन्हात उभं राहिलात की वाटणार नाही.

मग मॅट्रिक झालेल्याने करायचं काय? सांगतो. अमेरिकेत १९६३ साली अध्यक्ष केनेडींना मारलं. सरकारी वॉरन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल काढला आणि मागोमाग साक्षी-पुराव्यांचे २६ खंड. त्यात काय कुठे आहे हे सापडेना, कारण धड सूचीच नव्हती. न्यूयॉर्कला जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी करणारी सिल्व्हिया मेअर नावाची बाई. इतिहासाची पंडित नव्हे. तिने सगळे खंड वाचून एकटीने सूची तयार केली, १९६६ मध्ये छापली. त्यानंतर आयोगाच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोघांनाही तीच सूची उघडावी लागली. दुसरा हॅरॉल्ड वाइसबर्ग. कोंबड्या पाळायचा. पुस्तक कुणी छापेना तर स्वतः छापलं. सरकारने दडवलेल्या कागदांसाठी खटल्यावर खटले घातले. १९७४ मध्ये तिथला माहितीचा कायदा सुधारला, त्याला त्याचा एक खटलाही कारण झाला. त्यांचे सगळे निष्कर्ष बरोबर होते असं मी म्हणत नाही. पण त्यांनी पुढच्या माणसासाठी कागद ठेवले. तो दोघांचाही उपकार.

आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. तो अर्ज नीट लिहिता येणं, ही आजची कविता समजा हवं तर.

कारण खून थांबलेले नाहीत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर दाभोलकरांना मारलं. २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसऱ्यांना. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. मागचे सूत्रधार तपासात पुढे आले नाहीत, हे कोर्टालाही म्हणावं लागलं. सूत्रधार कोण, यावर इथे बसलेला प्रत्येक जण दोन तास भाषण देईल. निकालपत्र किती जणांनी वाचलं? हात वर करा. (इथे तीन हात वर आले.)

तीन. चला, तीन पण मोजलेले तीन.

पुढच्या रविवारी भेटू तेव्हा निकालपत्राची पानं वाटून घेऊ. एकाने साक्षीदारांची यादी करायची, एकाने तारखांची. एकाने तपासात काय राहिलं ते कोर्टाच्याच शब्दांत उतरवायचं. प्रत्येक पानावर दोघं, म्हणजे एकाची रेघ दुसरा तपासेल. आणि मोबाइलवर माईसाहेबांचं काही आलं तर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, कागद कुठाय?

मला आता शेवटची बस गाठायची आहे. सकाळी पहिली पाळी आहे.

जयभीम.